अठ्ठावन्न टक्क्यांची बाई

कासारखेडात ललिता गवई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की निम्मी घरं आतून कडी लावतात आणि उरलेली निम्मी चहा ठेवतात. कारण दोन्हीकडे एकच, बाई घरपट्टी वसूल करतात. अकोल्याहून तेल्हाऱ्याकडे जाताना मध्ये लागणाऱ्या या लहानशा नगरपरिषदेत त्या सव्वीस वर्षं करवसुली लिपिक आहेत. कोणाच्या घरी यंदा लग्न आहे, कोणाचा कापूस भाव नाही म्हणून घरातच पडून आहे, कोणाचा मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो आणि कोणाचा नुसतेच फोटो पाठवतो, हे त्यांना रजिस्टर न उघडता ठाऊक असतं. कडी लावणाऱ्यांवर त्या चिडत नाहीत. ओट्यावर बसतात, पिशवीतून पाण्याची बाटली काढतात आणि दाराकडे न बघता म्हणतात, "जेवून घ्या आरामानं. मी बसली आहो." शेवटी उघडलं नाही असं दार त्यांना अजून भेटलेलं नाही.

वडील याच नगरपरिषदेत सफाई कामगार होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी ही बारावी झालेली मुलगी लागली आणि हिशेबाला पक्की म्हणून वसुलीत आली. तेव्हापासून एक पैसा इकडचा तिकडे नाही. पाच रुपये सुटे नसले तर दुसऱ्या दिवशी सायकलवरून परत करायला जाणार. गावातले चतुर लोक याला बावळटपणा म्हणत. पण ज्याला कोणाचाच भरवसा वाटत नाही असा माणूसही ललिताबाईंच्या हातची पावती न वाचता पेटीत ठेवतो, आणि ही कमाई चतुरांपैकी एकालाही जमलेली नाही.

नुसतं एवढंच असतं तर बाईंबद्दल लिहायचं कारण नव्हतं. प्रामाणिक माणसं गावोगाव असतात, त्यांचा निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं, संपलं. ललिताबाईंची परीक्षा सुरू झाली ती कापूस अकरा हजारांवर गेला त्या साली.

त्या साली वऱ्हाडाचं डोकंच ठिकाणावर नव्हतं. ज्यांनी जन्मात क्विंटलला सात हजार पाहिले नव्हते त्यांच्या हातात अकरा आले. सोनाराकडे गर्दी, मोटारसायकलींच्या दुकानात गर्दी. तीन एकरवाला चारचाकीचे भाव विचारू लागला. आता कापसाचा भाव म्हणजे पाहुणा, आला तसा जाणार. हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं, फक्त पाहुणा घरात असताना कोणी बोलून दाखवत नाही.

अशा हवेत नगरपरिषदेनं रमाईनगरची योजना मंजूर केली. रमाईनगर ही बसस्थानकामागची जुनी वस्ती, चौऱ्याऐंशी घरांची. बहुतेक घरं बौद्धांची, आठ-दहा इतरांची. मातीच्या भिंती, वर कवेलू नाहीतर टिन. जागा नगरपरिषदेची, पण मोक्याची, पुढून मोठा रस्ता जातो. तर ही घरं पाडायची, तिथं चार मजल्यांच्या तीन इमारती बांधायच्या, एकेकीत अठ्ठावीस घरं, आणि रस्त्याच्या अंगाला छत्तीस गाळे. खर्च आठ कोटी. त्यातले दोन कोटी दहा लाख सरकारी अनुदान, प्रत्येक कुटुंबाचे पन्नास हजार, आणि उरलेले जवळजवळ साडेपाच कोटी गाळ्यांच्या लिलावातून. म्हणजे गरिबांची घरं उभी राहणार होती ती अजून न बांधलेल्या दुकानांच्या, अजून न आलेल्या पैशांवर.

एका गाळ्याला पंधरा लाख धरले होते. हा आकडा बाहेरून बोलावलेल्या एका सल्लागारानं काढला. त्यानं भर तेजीच्या महिन्यात बाजारात हिंडून लोकांना विचारलं आणि लोकांनीही छाती फुगवून सांगितलं. महादेवराव तेव्हा नगराध्यक्ष होते, गावात त्यांची कापसाची जिनिंग मिल आहे. ते भर सभेत म्हणाले, "पंधराले भेटते का? मंग माह्या नावानं चार लिहा." टाळ्या पडल्या. बाजारात तुरी म्हणतात तसा हा प्रकार होता; पण तुरीच्या मुलखात ती म्हण कोणालाच आठवली नाही.

लोकांची संमतीपत्रं आणायची होती. ती कोण आणणार यावर फार चर्चा झाली नाही. रमाईनगर ललिताबाईंचं माहेर. त्या तिथंच जन्मल्या, त्यांची आई तिथंच वारली. अकरा दिवसांत त्या चौऱ्याऐंशी दारं फिरल्या. शेवटी राहिली गोदाबाई. साठी ओलांडलेली, एकटी, बसस्थानकावर फुटाणे विकणारी. ललिताबाईंची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा दोन वर्षं तिचं हगणं-मुतणं गोदाबाईनं काढलं होतं. घरच्यांनीही केलं नसतं एवढं.

गोदाबाईनं कागद उलटसुलट करून पाहिला. वाचता येत नव्हतं. "किती दिवसाचं काम हाये हे?"

"अठरा महिने म्हणते साहेब लोक, मावशी."

"साहेब लोक म्हणते का तू म्हणतं?"

 खरं तर ललिताबाईंना काहीच माहीत नव्हतं. पण त्यांनाही वाटत होतं की या म्हातारीच्या डोक्यावर एकदा पक्कं छप्पर यावं, आणि जे मनापासून वाटतं ते माणूस जरा लवकरच खरं मानतो. त्या म्हणाल्या, "मी म्हणतो."

"मंग आन शाई."

मे महिन्यात घरं पडली. लोक आठवडी बाजाराच्या पटांगणात टिनाच्या शेडमध्ये गेले, दहा बाय दहाची एकेक खोली. सगळ्यांनी सामान अर्धवटच सोडलं, कारण अठरा महिन्यांचाच तर प्रश्न होता.

पुढच्या गोष्टी फार लवकर झाल्या, म्हणजे बिघडण्याच्या. कापूस सातावर आला. लोखंड आणि सिमेंट मात्र चढलेलेच राहिले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं बहुतेक. नगरपरिषदेची मुदत संपली, निवडणूक काही लागेना, आणि मुख्याधिकारी मनोज साळुंखे हेच प्रशासक झाले. साताऱ्याकडचे, चाळिशीचे, कामाला वाघ. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचा घात तारखांनी केला. अनुदानाच्या कागदात लिहिलं होतं की गाळ्यांचा लिलाव सप्टेंबरअखेर सुरू झालाच पाहिजे. त्यांनी तारीख काढली ती नेमकी पितृपक्षात.

ललिताबाई त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, पितरं चालू हाये. अन् कापूस अजून झाडावर हाये. आमच्या गावात दसऱ्याच्या आंधी कोणी चप्पल घेत नाही, गाळा काय घेईन?"

"ललिताबाई, अनुदानाची मुदत पितरांना विचारून येत नाही," साळुंखे म्हणाले.

उत्तर झकास होतं. लिलाव तेवढा झकास झाला नाही. मांडव घातला, दीडशे खुर्च्या मांडल्या, माइक लावला. छत्तीस गाळ्यांसाठी चार माणसं आली आणि त्यातली दोन चहासाठी. महादेवरावांना त्या दिवशी अमरावतीला काम निघालं. बोली एकही लागली नाही. पुढे तीन महिने बिलं थकल्यावर कंत्राटदार आपली मिक्सर-मशीन ट्रकवर चढवून निघून गेला. मागे राहिली ती एक इमारत, दुसऱ्या स्लॅबपर्यंत आलेली, दोन नुसती जोती, आणि रस्त्याकडेला गाळ्यांचे उघडे सांगाडे.

अठरा महिने उलटले. मग आणखी एक उन्हाळा आला. अकोल्याकडचा वैशाख ज्यानं टिनाखाली काढला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. पारा पंचेचाळीसवर. बायका सकाळीच पोती भिजवून टिनावर टाकत, ती तासाभरात कोरडी ठणठणीत. दुपारी पोरं आणि म्हातारी माणसं बसस्थानकाच्या पंख्याखाली जाऊन बसत. कंडक्टर लोकांना वाटे, प्रवासी वाढले. ललिताबाई रोज शेडवरून जात. रस्ता बदलता आला असता, त्यांनी बदलला नाही. प्रत्येक खोलीपुढे त्यांना एकच गोष्ट आठवे, ती म्हणजे या लोकांनी सरकारच्या शब्दावर घरं सोडली नव्हती, त्यांच्या शब्दावर सोडली होती. आता ती परत कशी मिळवून द्यायची, हाच एक घोर त्यांच्या जिवाला लागला.

जूनमध्ये साळुंख्यांनी वाट काढली. साडेपाच कोटींचं कर्ज. सगळी कागदपत्रं तयार झाली, फक्त एक दाखला उरला. कर्जाची फेड घरपट्टीतून होणार, तेव्हा घरपट्टीची वसुली दरवर्षी नव्वद टक्के होते असं वसुली विभागानं लिहून द्यायचं. टाइप केलेला कागद टेबलावर होता. खाली नाव छापलेलं होतं, ल. शे. गवई. सहीपुरती जागा मोकळी.

ललिताबाईंनी कागद एका दिवसासाठी मागून घेतला आणि घरी आणला. त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. शेषराव एसटीत बत्तीस वर्षं वाहक होते, आता निवृत्त. गावातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्यांना तिकिटाच्या पेटीत सापडतं.

"वसुली किती होते खरी?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावन्न टक्के. त्र्याण्णव लाख. चार साल आंधी पाऊस गेला तं एक्केचाळीसवर आली होती."

"अन् हप्ता?"

"सालाचे सत्त्याऐंशी लाख."

शेषरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे बऱ्या सालात सहा लाख उरते. त्याच्यात दिवाबत्ती, पाणी, झाडूवाल्यायचे पगार. अन् वाईट सालात?"

"वाईट सालात बँक येईन. गाळे नेईन, जागा नेईन. मंग रमाईनगर कोठी जाईन?"

शेषराव उठून कप विसळून आले. मग म्हणाले, "हे पाहा, गाडीत चाळीस माणसं असतानी साठाचा हिशेब देला तं फरक कंडक्टरच्या खिशातून जाते. इथं तं तुमचा खिसाबी नाही, लोकायचा हाये. मी तं जितके बसले तितके लिहीन. बाकी तुमी शिकेल आहा."

दुसऱ्या दिवशी साळुंखे पेन पुढे करून म्हणाले, "सगळीकडे असंच करतात, बाई. नव्वद हा कागदावरचा आकडा आहे."

"साहेब, हा आकडा माह्या पायानं मोजेल आहे. अठ्ठावन्न."

"ही तुमचीच माणसं आहेत ना? सही झाली तर पावसाळ्यानंतर काम सुरू होतं. नाही झाली तर किती वर्षं ती टिनाखाली राहतील, याचा विचार केलात?"

"केला. म्हणूनच सही करून नाही राहिली."

त्यांनी तो कागद बाजूला सारला, कोरा ओढला आणि मागच्या पाच वर्षांचे खरे आकडे हातानं लिहून त्याखाली सही केली. साळुंख्यांनी तो कागद वरून खालपर्यंत वाचला आणि फाइलला लावला. दाबून ठेवता आला असता. त्यांनी ठेवला नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं. ऑगस्टमध्ये कर्ज नामंजूर होऊन आलं.

गावानं बाईंचं नवं नाव ठेवलं, अठ्ठावन्न टक्क्यांची बाई. पानठेल्यावर, सलूनमध्ये, सगळीकडे तेच. "नव्वद लिहिलं असतं तं काय बाईच्या खिशातून जात होतं?" हे गावाचं. रमाईनगरचं त्याहून कडू. आपल्याच पोरीनं आपला पाय कापला, असं लोक तोंडावर बोलले. एका बाईनं त्यांच्यासमोर पाण्याची बादली ओतून टाकली. ललिताबाई ऐकत गेल्या. कर्ज बुडालं असतं तर काय झालं असतं ते समजावू लागल्या, पण उकडून जीव जाणाऱ्या माणसाला उद्याच्या बँकेची भीती घालून काय होणार?

गोदाबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ललिताबाई तिच्या खोलीपाशी गेल्या तेव्हा ती फुटाण्यांना मीठ लावत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "तुह्या मायले मी कधी उन्हात ठेवलं नव्हतं." एवढंच. मग पाठ फिरवली, आणि त्यानंतर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

ललिताबाई बाजाराच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि पदर तोंडावर धरून रडल्या. भरदुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. लाज वाटली नाही, कारण दुःख लाजेपेक्षा मोठं होतं. मग नळावर तोंड धुतलं आणि तिथूनच कचेरीत गेल्या. रडून झालं होतं, आता काम उरलं होतं.

साळुंखे त्या दिवशी एक वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन बसले होते. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेनं असंच कर्ज काढलं होतं, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार सात महिने थकले होते. त्यांनी ते पान ललिताबाईंकडे सरकवलं. "तुमचं बरोबर निघालं," ते म्हणाले. मोठ्या साहेबानं लिपिकापुढे एवढं म्हणणं सोपं नसतं.

"बरोबर निघून घर नाही बांधलं जात, साहेब. आता माह्यं ऐका. तिन्ही राहू द्या. एक इमारत पुरी करू. सव्वा कोटी लागते. अनुदानाचे ऐंशी लाख पडले आहे. बाकीसाठी फक्त तिच्यापुढचे बारा गाळे काढू. पंधराले नाही, अकरा लाखाले. अन् संक्रांतीनंतर काढू, कापूस इकला गेल्यावर. अर्धे पैसे तवाच, उरलेले दोन हप्त्यात, पुढच्या दोन माघात. शेतकऱ्याच्या हातात तवाच पैसा असते."

"आणि दुसरी इमारत?"

"तिचा पैसा बँकेत दिसल्याशिवाय तिच्यावर एक वीट चढवाची नाही."

"उरलेल्या छप्पन्न कुटुंबांना काय सांगू मी?"

"ते माह्यावर सोडा."

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सगळेच म्हणतात. पण अंथरूण आखूड आहे हे चारचौघांत कबूल करायला छाती लागते. साळुंख्यांनी ठराव केला, जिल्ह्यातून मंजुरी आणली. आणि ललिताबाई पुन्हा गावात निघाल्या, यावेळी घरपट्टी मागायला नव्हे.

बारा गाळ्यांना बारा माणसं हवी होती, आणि कोणाच्या कनवटीला काय आहे हे गावात त्यांच्याइतकं कोणाला माहीत? त्या बड्या लोकांकडे गेल्याच नाहीत. मोबाइल दुरुस्त करणारे दोघे भाऊ, ब्लाउज शिवून शिवून पैसा बाजूला टाकलेली एक बाई, निवृत्त मास्तर, बियाण्याचा दुकानदार. प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं, फायद्याचंही आणि जोखमीचंही. भाव पडले तर गाळा दोन वर्षं रिकामा राहू शकतो, हेही सांगितलं. शेषराव कपाळावर हात मारून म्हणाले, "अशी विक्री करणारी बाई मी पाह्यली नाही." पण लोकांना पटलं. ज्या बाईनं सरकारी कागदावर खोटा आकडा घातला नाही ती आपल्याला कशाला फसवेल, असं ते आपसांत बोलले. ज्या नावानं गाव हसत होतं तेच आता उपयोगी पडलं.

सगळ्यात शेवटी त्या महादेवरावांच्या वाड्यासमोरच्या ओट्यावर जाऊन बसल्या. महादेवराव आत होते आणि आतच राहिले. तास गेला, दोन तास गेले. मग बाहेर आले.

"बाई, काय म्हणता?"

"तुमी चार म्हटले होते."

"ते कापूस अकरा होता तवा."

"आता सात हाये. दोन घ्या."

महादेवरावांना हसू आवरेना. दोन घेतले.

माघातल्या बाजाराच्या दिवशी लिलाव झाला. मांडव नव्हता, चहाही नव्हता. बारापैकी दहा गाळे गेले. दोन राहिले, ते राहिले. काम सुरू झालं ते पैसा येईल तसं, कधी जोरात, कधी महिनाभर बंद. साळुंखे स्वतः विटा मोजून घ्यायचे. दसऱ्याला अठ्ठावीस घरांची पहिली इमारत रंगासकट उभी होती. कोणी उद्घाटन केलं नाही. अशोक विजयादशमीच्या सकाळी वंदना झाल्यावर विहारात चौऱ्याऐंशी नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि अठ्ठावीस काढल्या. नाव निघेल तसा कोणी रडला, कोणी चिठ्ठी कपाळाला लावली. गोदाबाईचं नाव निघालं नाही.

मग ललिताबाई उभ्या राहिल्या. "उरले छप्पन्न. दुसऱ्या इमारतीले दोन साल लागन. कापूस पडला, पाऊस गेला, तं तीन. तिसरीचं आज सांगता येत नाही. याच्याहून कमी कोणी सांगितलं तं तो खोटा बोलून राहिला." टाळी कोणी वाजवली नाही. गोदाबाई भिंतीला टेकून बसली होती, ती उठून निघून गेली.

तीन दिवसांनी ती नगरपरिषदेत आली. वर्ष-सव्वा वर्षात पहिल्यांदा ती ललिताबाईंच्या टेबलापाशी उभी राहिली. कमरेची पिशवी सोडून तिनं चारशे बारा रुपये मोजून ठेवले, बरेचसे सुटे.

"माह्या घराची पट्टी. पावती दे."

ललिताबाईंना लगेच कळलं. रमाईनगरात जागा कधीच कोणाच्या नावावर नव्हती. घरपट्टीची पावती हाच तिथं घराचा कागद. बाप मरताना मुलाला काय देतो, तर पावत्यांची चळत. दिवाळीनंतर निवडणूक लागणार, नवे नगरसेवक येणार, साळुंख्यांची बदली होणार. मग छप्पन्न माणसांना कोण विचारतो, अशी कुजबूज शेडमध्ये सुरू होती. म्हणून म्हातारी पाडलेल्या घराचा कर भरायला आली होती.

"मावशी, घर पाडल्यावर त्याचा कर नसते. पावती फाडली तं ते खोटं होईन."

"म्हंजे माह्यं घर नाही, असं आता तू लिहून देतं," गोदाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता.

ललिताबाईंचा हात पावतीपुस्तकावर होता. खोटी पावती देणं सोपं होतं, दहा सेकंदांचं काम. म्हातारी समाधानानं गेली असती आणि तो कागद पुढे कुठल्याही साहेबानं केराच्या टोपलीत टाकला असता. त्यांनी नगरपरिषदेचा छापील कागद ओढला आणि लिहिलं: 'श्रीमती गोदाबाई देवमन इंगळे, रमाईनगर, घर क्रमांक एक्केचाळीस. हे घर नगरपरिषदेने पाडले. त्यांच्याकडून पन्नास हजार रुपये मिळाले आहेत. त्याबदल्यात पुढच्या दोन इमारतींपैकी एकीत एक घर देणे बाकी आहे.' खाली सही केली आणि कागद घेऊन आत गेल्या.

साळुंख्यांनी वाचला. "यावर माझी सही झाली तर नगरपरिषद बांधली गेली."

"हो साहेब."

"मी दोन महिन्यांत जाणार."

"तुमची बदली होईन. कागदाची होत नाही."

"आणि पैसे कमी पडले तर?"

"तं उशीर होईन. पण देणं आहे का नाही, हा वाद राहणार नाही."

साळुंख्यांनी खिडकीतून पहिल्या इमारतीकडे पाहिलं. तिच्या गच्चीवर कोणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "जावक नंबर टाका. रजिस्टरला चढवा. उद्या कोणी नाही म्हणायला नको."

गोदाबाईनं कागद हातात घेतला नाही. "वाच," म्हणाली. ललिताबाईंनी वाचला. 'देणे बाकी आहे' इथं तिनं थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि चोळीत ठेवला. चारशे बारा रुपये टेबलावर तसेच होते.

"हे घेऊन जा, मावशी."

"राहू दे. नव्या घराचे पयले."

"नवं घर झालं का घेईन. आज घेता येत नाही."

गोदाबाईनं पैसे पुन्हा मोजून पिशवीत टाकले आणि दाराकडे मान वळवली. "बाहेर पंचावन्न जण उभे हाये. मले आंधी धाडलं होतं, तू लिहून देतं का नाही ते पाहाले."

ललिताबाईंनी उठून पाहिलं. रांग पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेली होती. काहींच्या हातात जुन्या पावत्यांची चळत होती. ज्या बाईनं बादली ओतली होती तीही होती. ललिताबाईंनी शिपायाला छापील कागदांचा आख्खा गठ्ठा आणायला सांगितलं. गोदाबाईनं भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि टेबलाच्या शेजारी मांडून त्यावर बसली.

"सगळ्यायले वाचून दाखव," ती म्हणाली. "दोनदा दाखव. मी इथंच बसतो."

पहिला माणूस आत आला. त्याचं नाव, बापाचं नाव, घराचा क्रमांक, सगळं ललिताबाईंना पाठ होतं. तरी त्यांनी ते विचारलं आणि तो सांगेल तसं लिहून घेतलं.